लुसेरो टॉकीज होती तिथून

नोर्विनला वेबसाइटचं खूळ लागलं तेव्हाच मी म्हटलं होतं, ऑक्सिजनचं दुकान म्हणजे काही बेकरी नव्हे. आमच्याकडे माणूस येतो तो धावतपळत. त्याचा सिलिंडर संपत आलेला असतो आणि घरी कुणीतरी तोंड उघडं टाकून श्वास ओढत असतं.

"म्हणूनच तर, मेल्बाताई," नोर्विन म्हणाला. "लोक आता आधी फोनमध्ये शोधतात." धाकटा भाऊ, आणि वर शहाणा. बोलणार काय?

साइट साधीच होती. तयार साचा घेतला, दुकानाचा फोटो टाकला, फोन नंबर टाकला, उघडण्याची वेळ टाकली. घोडं अडलं ते पत्त्यापाशी. साच्यातल्या चौकटीला रस्त्याचं नाव आणि घराचा क्रमांक हवा, नाहीतर पुढे जाऊ देईना. आता या मानाग्वा शहरात आमच्या रस्त्याला नाव कोण ठेवतंय? आमचा पत्ता आजोबांपासून एकच: लुसेरो टॉकीज होती तिथून तळ्याकडे दोन चौक, मग वर एक. तळ्याकडे म्हणजे उत्तरेला आणि वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे, हे शेंबडं पोरही सांगेल. टॉकीज भूकंपात पडली त्याला जमाना झाला, पत्ता मात्र जागचा हलला नाही. शेवटी नोर्विनने चौकटीत तेच लिहिलं आणि नकाशावर खूण रोवली ती बरोबर टॉकीजच्या जागी. "पत्ता तिथूनच सुरू होतो ना?" म्हणाला. आमच्यातल्या कुणालाही ते पटलं असतं.

आठवड्याभराने भर दुपारी फोन वाजला. एक मुलगी, रडकुंडीला आलेली.

"तुमच्या नकाशावरच्या जागी उभी आहे मी. इथे दुकानच नाहीये, नुसत्या गाड्या लावल्यात. माझी आजी गाडीत आहे, सिलिंडरचा काटा लालमध्ये गेलाय."

"तिथून तळ्याकडे दोन चौक ये, बाळा. मग वर एक."

"तळं कुठाय? मला नाही दिसत तळं. मी मायामीत वाढले, कालच आलेय. आणि वर म्हणजे? इथे चढबिढ काही नाहीये."

नोर्विनने फोन ओढून घेतला. जागा पाठवू म्हणाला, तर तिच्या फोनवर इंटरनेट नाही, नकाशा घरून बघून निघालेली. "औषधाच्या दुकानावरून वळ," तो म्हणाला. औषधाचं दुकान कधीच बंद झालं, तिथे आता चपला विकतात. मी त्याला म्हटलं, मेल्या, सिलिंडर ढकलगाडीवर चढव. पण तीन चौक उन्हात ढकलत न्यायचा म्हणजे वेळ जाणार, आणि फोनमधून म्हातारीची घरघर ऐकू येत होती.

"आजी कुठली गं?" मी फोन परत घेऊन विचारलं.

"इथलीच. दोन्या तोमासा म्हणतात तिला सगळे."

"फोन लाव तिच्या कानाला."

"तिला बोलता येत नाहीये हो."

"बोल म्हणतंय कोण? ऐकू दे."

मी सावकाश म्हटलं, "दोन्या तोमासा, लुसेरो टॉकीज होती तिथून तळ्याकडे दोन, वर एक."

पलीकडे घरघर तेवढी चालू. मग मुलगी म्हणाली, "ती हात दाखवतेय. उजवीकडे."

"मग हाण गाडी. माझं ऐकू नकोस, तिचं ऐक."

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. फोनवर मुलगी बडबडत होती, सरळ दाखवतेय, अजून सरळ. मग एकदम, "हात खाली पडला तिचा. आजी, ए आजी."

"शेवटी कुठे दाखवत होती?"

"उजवीकडेच. कोपऱ्यावर."

"मग वळ उजवीकडे. रडायचं नंतर."

कोपऱ्यावरून राखाडी गाडी आली. म्हातारीची नखं निळी पडली होती. नोर्विनच्या हातून पाना दोनदा पडला. शेवटी मीच पाना घेऊन झडप उघडली, नळी नाकाला लावली, आणि सगळे तिच्या छातीकडे बघत राहिलो. देवा, किती वेळ. मग छाती नीट वर आली, पुन्हा आली.

तोंडावर जरा रंग दिसल्यावर मुलगी नोर्विनवर तुटून पडली. कुठल्या गाढवाने खूण तिथे लावली म्हणाली. तिच्यासमोरच त्याने खूण उचलून आमच्या दारात आणली. "आता नाही कुणी चुकणार," म्हणाला.

दोन्या तोमासाने नळी जराशी बाजूला केली. "किती दिवस... होती तिथे?"

"आठवडाभर, आजी."

"ज्यांनी फोन नाही केला... त्यांचं काय?"

मला तिथे थांबवेना. मी तडक टॉकीजच्या जागेवर गेले आणि गाड्या राखणाऱ्या माणसाला विचारलं.

"आला होता ना एक," तो म्हणाला. "मंगळवारी. रिकामा सिलिंडर खांद्यावर घेऊन. ऑक्सिजनचं दुकान इथेच का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, इथे कुठलं दुकान?"

"मग कुठे गेला?"

"आला तसा गेला, बाई. पळत."