सखूच्या नावावरची जमीन

आमच्या सासूबाई, रत्नाबाई, गेला महिनाभर क्युपर्टिनोच्या आमच्या फॅमिली रूममध्ये दवाखान्याच्या पलंगावर आहेत. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं, त्यांनाही कळलं. मुलाला म्हणाल्या, "विवेक, रडायचं तर तिकडे जाऊन रड, टीव्ही दिसत नाहीये." मला मात्र काम लावलं.

"प्रणिता, माझा आजोबा शोध."

आजोबा म्हणजे भिवा. मुंबईच्या गोदीतून बोटीवर कोळसा टाकायला चढला आणि कॅलिफोर्नियात उतरला, एवढीच बातमी शंभरेक वर्षांपूर्वी गावात पोचली. मागे बायको सखू आणि रांगतं पोर. ते पोर म्हणजे सासूबाईंचे वडील. सखूआजीला गाव जन्मभर 'टाकलेली' म्हणालं, आणि सासूबाई तिच्याच कुशीत वाढल्या.

"मेला असणार गं तो. मेला म्हणूनच आला नाही. तेवढं दाखव मला, की मी सुटले."

मी बारावी पास. ही शोधाशोध मला कोणी शिकवली नाही. व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्या वर्षांत लायब्ररीत बसून शिकले. शेजारच्या गोऱ्या बाईचे पणजोबा मी तिचा चहा निवायच्या आत आयोवात शोधून दिले होते. आमचाच सापडेना. शिरगावकर या सासूबाईंच्या माहेरच्या आडनावाचा माणूस जुन्या जनगणनेत नाही, जमिनीच्या दस्तांत नाही, कबरस्तानात नाही. इकडे सासूबाईंची पेज वाटीवरून चमच्यावर आली.

एक दिवस भरवताना मी वैतागून म्हणाले, "आई, शिरगावकर नावाचं कुत्रंसुद्धा नव्हतं हो तेव्हा इथे."

"असणार कसं? आडनाव माझ्या बापाला शाळेत मास्तरनं दिलं, गावावरून. त्याआधी आम्हाला कुठलं आडनाव? जात होती की."

माझा चमचा हवेतच राहिला. जे नाव त्या माणसाने आयुष्यात ऐकलं नव्हतं, त्या नावाने मी त्याला महिनाभर हाका मारत होते.

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तू विचारलंस?"

भिवाच्या बापाचं नाव रामा. त्याच दुपारी १९३०च्या जनगणनेत सापडला: भिवा रामा, शेतकरी. वंशाच्या रकान्यात 'हिंदू', कारण भारतातून आलेल्या सगळ्यांना तेव्हा तेच लिहीत. गावच्या देवळाची पायरी ज्याला चढू दिली नाही, त्याला इथल्या कारकुनाने एका फटक्यात हिंदू करून टाकलं. मला हसू आलं. मग खालच्या ओळी वाचल्या. बायको मारिया, जन्म मेक्सिको. मुलगी सखू, वय नऊ.

लेक उपासना खांद्यावरून वाचत होती. "मॉम, डोन्ट टेल हर. प्लीज."

विवेक म्हणाला, "मेला म्हणून सांग ना यार. आता तर मेलाच आहे की."

पण मी आणखी खणत गेले. सासूबाईंना देण्यासारखं काहीतरी हवं होतं. आपल्या लोकांना तेव्हा इथे जमीन घ्यायची बंदी होती, म्हणून इथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर घेत. भिवाची द्राक्षबाग तशीच निघाली, सखूच्या नावावर. शनिवारी ड्राइव्ह करून सेंट्रल व्हॅलीतल्या कबरस्तानात गेले. वाळलेलं गवत, आणि त्यात त्याचा दगड. मृत्यू १९६१. सखूआजी दीक्षेच्या वर्षी, छप्पन साली गेली. म्हणजे ती गेल्यावरही हा पाच वर्षं द्राक्षं खात होता. मेणबत्ती लावली, वाऱ्याने विझली. परत लावली नाही.

परतताना सगळी वाट खोटं पाठ केलं. पलंगाशी गेले, तर त्यांनी माझ्या तोंडाकडेच पाहिलं.

"जगला ना?"

"हो, आई."

"बाई केली?"

"हो." आणि मग मी घाईघाईने म्हणाले, "पण मुलीचं नाव सखू ठेवलं हो. जमीनही तिच्या नावावर. विसरला नव्हता तो."

मला वाटलं, मी काहीतरी आणलंय.

"विसरला असता तर बरं होतं," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर सखू, सखू करून हाका मारत होता, आणि एक पत्र टाकता आलं नाही त्याला?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पेज घेतली नाही. दुपारी नर्सने औषधाचे थेंब वाढवले. मी जिन्यात जाऊन बसले. ऐंशी वर्षं ज्या आशेवर बाई टिकली होती, ती मी पेट्रोल जाळून घालवून आले होते.

संध्याकाळी हाक आली. आवाज इतका बारीक की कान तोंडाशी न्यावा लागला.

"ती पोरगी माझी आत्या की गं."

"हो, आई."

"तिची पोरंबाळं असतील. आपली आई कुणाचं नाव लावून जगली, त्यांना ठाऊक नसेल."

"मी सांगेन त्यांना."

"तू नको. आण इथे. मी सांगते."

लॅपटॉप पलंगाजवळच घेऊन बसले आहे. सखू रामा १९३०नंतर दहाबारा वर्षांनी कागदांतून नाहीशी होते. लग्न झालं असणार. नवऱ्याचं आडनाव लागलं असणार, आणि ते मला ठाऊक नाही. गोन्झालेस, सिंग, स्मिथ, मनात येईल ते घालून बघते आहे. शेजारी श्वास येतो, अडतो, परत येतो. अडतो तेव्हा माझी बोटंही थांबतात.