बंदरात माणसं आहेत

नोबुयोशी कागा सत्तेचाळीस वर्षांचा होता, मच्छीमार सोसायटीत नोकरीला होता, आणि एका ॲनिमे मालिकेपायी वेडा होता. यातली तिसरी गोष्ट त्याच्या आईने, हात्सुएने, गावभर सांगून ठेवली होती, त्यामुळे लपवण्यात अर्थ नव्हता. लग्न झालं नाही ते त्या मालिकेमुळेच, असंही ती सांगे. पण ते खरं नव्हतं. नोबूशी लग्न करायला कुणी तयार झालं नव्हतं, एवढंच.

मालिकेचं नाव ‘सांजबंदर’. तो शाळेत असताना ती टीव्हीवर लागली आणि कुणी बघेना म्हणून मध्येच गुंडाळली. पृथ्वी संपली आहे. माणसं अंतराळातल्या एका बंदरावर राहतात, होड्या घेऊन ताऱ्यांमधली धूळ गोळा करायला जातात, आणि संध्याकाळ झाली की बंदरावरून एक धून वाजते : चला, घरी या. शेवटच्या भागात एक भरकटलेली होडी कित्येक वर्षांनी परत येते. धून वाजत असते. खिडक्यांत दिवे असतात. होडी आत शिरते आणि मालिका संपते. आत माणसं आहेत, की सगळी कधीच मेली आणि नुसतं यंत्र वाजतंय, ते काही कळत नाही. एवढ्या गोष्टीवरून जपानभरचे चाहते तीस वर्षं एकमेकांच्या उरावर बसत होते.

नोबूचं मत ठाम होतं. चाहत्यांच्या एका मासिकात त्याने लेख लिहिला होता, ‘बंदरात माणसं आहेत’, आणि त्या लेखाने त्या लहानशा जगात त्याचं नाव झालं होतं. त्याचा सगळा भार चेलोवर, त्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावर, होता. बंदराची धून पहिल्यापासून एका चावीच्या पेटीवर, चावी दिली की आपोआप वाजणाऱ्या, वाजते, टिंग टिंग, कोरडी. पण अगदी शेवटी, होडी आत शिरताना, तिच्याखाली चेलो येतो. खर्जातला, जाड, घसा साफ करून कुणी बोलायला लागावं तसा. नोबूचं म्हणणं, यंत्राला चेलो सुचत नाही. त्या पेटीशेजारी येऊन कुणीतरी बसलंय. कुणीतरी जिवंत.

“अरे लेका, तेही रेकॉर्डच असेल,” त्याचा जुना मित्र इसोगाई दर भेटीत म्हणायचा. इसोगाई ओसाकाचा, दातांचा डॉक्टर, आणि विरुद्ध पक्षाचा म्होरक्या. “धून ऐकून जो जो आत गेला तो मेला. सापळा आहे तो.”

“तू लोकांचे दात उपट. संगीतातलं तुला काय कळतंय?”

मालिकेतलं बंदर काढताना चित्रकाराने आमचं गाव, हियोरिउरा, समोर ठेवलं होतं. तेच दीपगृह, शाळेच्या टेकडीवर जाणाऱ्या त्याच दगडी पायऱ्या. त्यामुळे चाहते यात्रेला आल्यासारखे यायचे, पायऱ्यांवर बसून फोटो काढायचे, होडीचा छाप मारलेले गोड पाव खायचे. मग नोबूच्या डोक्यात आलं, की संध्याकाळी पाचला गावातल्या भोंग्यांवर जी जुनीपुराणी धून वाजते, जिच्यावर पोरं खेळ टाकून घरी पळतात, तिच्या जागी सांजबंदरची धून का नको? नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवून त्याने ते करून घेतलं. फक्त एक झालं. खांबावरच्या भोंग्यातून खर्ज निघत नाही. चेलो गेला, चावीची पेटी तेवढी राहिली. नोबूला ते पहिल्या दिवसापासून खटकलं. पण आपल्याला तो मनात ऐकू येतोच, असं त्याने स्वतःला समजावलं.

जुन्या धुनेकडे हात्सुए ढुंकूनही बघत नसे. पण ही तिच्या पोराची धून! पाचला ती वाजली, की ती हातातलं काम टाकून भात लावायला उठायची. मासळीबाजारात गप्पा रंगात आल्या असल्या तरी उठायची. “चला बायांनो, माझ्या नोबूचं गाणं झालं. आता तो येईल.” बायका हसायच्या. तीही हसायची आणि तरातरा चालू लागायची.

मग ती दुपार आली. जमीन हलली, थांबली, पुन्हा हलली. गाव टेकडीवर चढलं. नोबूने आईला शाळेच्या मैदानावर आणलं, शेजारच्या तोमेकाकूंपाशी चटईवर बसवलं आणि म्हणाला, “काकू, हिच्याकडे लक्ष ठेवा.” तोमेकाकूंचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, तो खालीच राहिला होता. काकूंनी तोंडाने काही मागितलं नाही, नुसतं नोबूकडे पाहिलं. तो मागच्या वाटेने खाली गेला.

पहिलं पाणी आलं ते बाजारापर्यंत. गुडघाभर. आलं आणि परत गेलं. वर लोक म्हणाले, एवढंच होय! नोबू म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन चढ चढत होता, तेव्हा धून वाजली. तशा दिवशी ती बंद करायला हवी हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वीज गेली होती, पण यंत्राला बॅटरी होती. नोबूला ते ऐकून हुरूप आला होता. आई ऐकत असेल, तिला धीर येईल, असं वाटून त्याने पावलं उचलली होती. खरं पाणी त्यानंतर आलं.

तो वर पोचला तेव्हा चटईवर तोमेकाकू एकट्या होत्या. “तुला शोधायला गेली रे,” त्या म्हणाल्या. “मी नको नको म्हणत होते.”

पुढे हात्सुए सापडली, ती घर होतं तिथेच, स्वयंपाकघराच्या ढिगाखाली. पोराला शोधायला निघालेली बाई स्वयंपाकघरात काय करत होती, हा प्रश्न नोबूने कधी विचारला नाही. काही प्रश्न न विचारण्यावरच माणसाचं जेवणखाण चालू राहतं.

सहा वर्षं भोंगे फक्त सूचना देत होते. समुद्राला एवढी उंच भिंत घातली, की गावातून समुद्र दिसेनासा झाला, आणि भिंतीच्या भरवशावर लोक पुन्हा खाली राहायला आले. मग चाहत्यांनी वर्गणी काढली. जपानभरातून पैसे आले, नवे भोंगे बसले, नवं यंत्र आलं. अट एकच, पाचला सांजबंदर वाजलं पाहिजे. नगराध्यक्षांना तेवढंच हवं होतं. यात्रेकरू येतील, पाव खपतील. समारंभ शाळेच्या मैदानावर ठरला. नोबू भाषण करणार आणि भाषण संपता संपता धून वाजणार. सहा वर्षांत नोबू एवढा कशासाठीच झटला नव्हता. पुन्हा ती वाजली की आईला दिलेला एखादा शब्द पाळल्यासारखं होईल, असं त्याला वाटत होतं.

त्या दुपारी इसोगाई आला. पिशवीत रंगीत प्रकाशकांड्या, अंगात होडीचं चित्र असलेला सदरा, पोट त्याच्याही पुढे.

“काय रे सदऱ्याचे हाल केलेस!”

“सदरा आटलाय.” इसोगाईने मैदानाकडे पाहिलं. पाचशेक चाहते जमले होते. शाळेची पोरं वाद्यं घेऊन रांगेत बसली होती. “कागा, आज मी भांडणार नाही. आज तुझा पक्ष जिंकला. आज आहेत बंदरात माणसं.”

नोबूला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. तेवढ्यात तोमेकाकूंनी त्याची बाही धरली.

काकू ऐंशीच्या पुढच्या. नवरा त्या दिवशी वाचला आणि पुढे चार वर्षं जगला. नोबूला बघितलं, की त्या कमरेत वाकायच्या त्या सरळच व्हायच्या नाहीत. त्यांनी त्याला वाद्यांच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

“नोबू, ती धून लावू नकोस.”

“काकू, आता? बाहेर माणसं जमलीत.”

“म्हणूनच आता. इतके दिवस वाटलं, होईल ते रद्द. अशा गोष्टी होतातच कुठे आपल्या गावात!” काकू एका ढोलाच्या पेटीवर बसल्या. “तुझी आई तुला शोधायला गेली नव्हती.”

नोबूने दाराच्या कडीवरचा हात काढला.

“आम्ही छान बसलो होतो. मी तिला म्हटलं, तुझा पोरगा देवासारखा धावला. ती खूश झाली. आणि ती धून सुरू झाली. सगळे रडायला लागले, इतकं बरं वाटलं ते ऐकून. ती मात्र उठली. म्हणाली, ‘अगं बाई, पाच वाजले! नोबूचा भात लावायचाय.’ जशी बाजारातून उठायची, तशी.”

“तुम्ही अडवलं नाही?”

“नाही.” काकूंनी मान वर केली नाही. “पाणी येऊन गेलं होतं ना. संपलं असंच वाटलं. आणि धून वाजली, म्हणजे घरी जायचं. लहानपणापासून तेच नाही का रे आपलं? मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, ‘जातेच आहेस तर माझा गॅस बंद केलाय का तेवढं बघ.’ खरं सांगते, गॅस बंदच होता.”

बाहेर कुणीतरी ध्वनिक्षेपकावर फुंकर मारत होतं.

“तू माझा नवरा पाठीवर घेऊन आलास. तुला हे कोणत्या तोंडाने सांगणार होते? तुला शोधायला गेली म्हटलं. वाटलं, ते तुला सोसेल.” आता त्या रडत होत्या. “रोज पाचला ती ऐकत मी मरायचं का रे, बाळा? तूच सांग.”

नोबूने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रागवावं असं त्याला वाटत होतं, पण राग कुठून काढायचा तेच कळेना. त्याला भात दिसत होता. मापाने तांदूळ घेऊन ती धूत असेल. दोन माणसांचा. सहा वर्षं त्याने स्वतःला सांगितलं होतं, की आई माझ्या मायेपोटी गेली. माया तीच होती. पण तिला हाक मारून नेलं ते त्याच्या गाण्याने.

नगरपालिकेचे कुवाता त्याला शोधत आले. “कागासाहेब, चला, चला, उशीर होतोय.”

“कुवातासाहेब, धून रद्द करा.”

कुवाता हसले. मग त्याचं तोंड बघून हसायचे थांबले. “अहो, आता सगळं आपोआप आहे. मी बटण दाबत नाही, कुणीच दाबत नाही. बसवणारी माणसं कालच गेली.”

“तार काढा.”

“वर्गणीच्या यंत्राची? पाचशे लोकांसमोर?” कुवातांनी त्याला मागून हलकेच ढकललं. “तुम्ही दमलाय. चार शब्द बोला आणि बसा.”

नोबू मंचावर चढला. खाली पाचशे कांड्या निळ्या पेटल्या. मालिकेत बंदराचा रंग निळा असतो. खिशात भाषण होतं, ते त्याने काढलं नाही.

“मी एकदा लिहिलं होतं, बंदरात माणसं आहेत,” तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. तो थांबून राहिला, त्या संपेपर्यंत. “चुकलो. इसोगाई बरोबर होता. बंदरात कुणी नव्हतं.”

लोकांना वाटलं, गंमत चालली आहे. दोनचार जण हसले. इसोगाई हसला नाही.

“त्या दिवशी माझी आई इथे होती. या मैदानावर. सुखरूप होती. ही धून वाजली आणि ती घरी गेली, भात लावायला, कारण धून वाजली की मी येतो. घरी कुणी नव्हतं. मी नव्हतो. नुसतं यंत्र वाजत होतं. चेलोबिलो काही नाही. या भोंग्यातून तो ऐकूच येत नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझी आई मी मारली असं मी म्हणत नाही, मला तसं म्हणायचा धीर नाही. पण तुमच्या पाया पडतो, हे लावू नका.”

एक एक करून कांड्या खाली गेल्या. नगराध्यक्ष कुवातांच्या कानाशी लागले. कुवाता यंत्राच्या खोलीकडे धावले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दार कुलूपबंद होतं. ते चावी आणा, चावी आणा म्हणून ओरडत असतानाच मैदानाच्या चारी कोपऱ्यांतून धून सुरू झाली.

सुंदरच होती ती. हीच तर पंचाईत. नवे भोंगे जुन्यांपेक्षा स्वच्छ वाजत होते, टिंग टिंग, प्रत्येक सूर सुटा. नोबूने कान दिला. तीस वर्षांची सवय, कान आपोआप खाली गेला, चेलो कुठे येतो ते बघायला. खाली काही नव्हतं.

आणि मैदानाच्या कडेला शाळेची पोरं उठली. त्यांना कुणी उठा म्हटलं नव्हतं. वाद्यं पेट्यांत घातली, दप्तरं पाठीला लावली आणि पायऱ्यांकडे निघाली. यातल्या निम्म्यांना तो दिवस आठवतही नव्हता.

नोबूने मंचावरून उडी मारली. पडला, उठला, धावत जाऊन पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले.

पोरं थबकली. मागून शिक्षकांचा आवाज आला, पण जवळ कुणी आलं नाही. सर्वात पुढे एक लहानशी मुलगी होती, गळ्यात दोरीला बांधलेली चावी.

“काका, सरका ना. पाच वाजले.”

“घरी कोण आहे?” नोबूने विचारलं.

“कुणी नाही. आई सातला येते.”

“मग कशाला चाललीस?”

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस आणि एवढं साधं कळू नये! तिने बोट वर, भोंग्याकडे केलं.

“वाजतंय ना,” ती म्हणाली, आणि त्याच्या पसरलेल्या हाताखालून वाकून पायऱ्या उतरू लागली.