पोमाची कोनफळं आणि माझी टक्‌टक्

मित्रांनो, मी एक जुना किरणमापक आहे. माझ्या पोटातल्या नळीत वायू कोंडलेला आहे. त्यात किरण शिरला की मी 'टक्' म्हणतो. एवढीच माझी भाषा!

घानातल्या एका प्रयोगशाळेत, लारीबा मॅडमच्या हाताखाली माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे सगळ्या किरणांशी ओळख झाली. अल्फा साध्या कागदानेही अडतो. धुराची सूचना देणाऱ्या काही यंत्रांत तो राबतो. बीटाला अॅल्युमिनियमचा पत्रा पुरतो; कारखान्यात तो कागदाची जाडी मोजतो. गॅमा मात्र आडदांड, त्याला जाड शिसंच थोपवतं. पण गुणाचा! इंजेक्शनच्या सुया निर्जंतुक करतो, कॅन्सरच्या गाठी मारतो आणि कोनफळांना कोंब फुटू देत नाही.

त्या कोंबांपायीच मी टेकिमानच्या बाजारात गेलो. तिथल्या पोमाने आपली विकायची सगळी कोनफळं गॅमा किरणांखालून काढून आणली होती आणि भीतीने एकही गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. तिचा धंदाच बसायची वेळ आली. शेवटी बाजारातल्या बायकांची राणी, ओहेमा ताचिवा, निवाडा करायला बसली.

मॅडमनी मला कोनफळावर धरलं. मी सवयीने म्हणालो, टक्.

"बोललं बघा! विष आहे विष!" शेजारची दुकानदारीण अन्तवीवा ओरडली.

पोमाचा चेहरा उतरला. माझी जीभ झडो, असं मला झालं.

"अगं, थांब की!" मॅडम म्हणाल्या. "उन्हात उभी राहिलीस म्हणून तू दिवा होतेस का? किरण आले तसे आरपार गेले. हा तर रिकाम्या हवेतही बोलतो, ऐक."

त्यांनी मला हवेत धरलं. टक्, तेवढंच. मग ओहेमाच्या बसायच्या ग्रॅनाइटच्या दगडापाशी नेलं. टक्‌टक्‌टक्!

बायका दोन पावलं मागे सरल्या. ओहेमा मात्र खो खो हसली. "वीस वर्षं बसतेय गं यावर! तरीच मला कुणी हलवू शकलं नाही."

"या दगडात थोडे किरण मुळातच असतात. घाबरण्याइतकं काही नाही, ओहेमा."

"घाबरतंय कोण? पोमा, कोनफळं उकड, उखळात कूट. फुफूचा पहिला गोळा मी खाणार!"

तिने बोटं चाटूनपुसून खाल्लं. मग झुंबडच उडाली. संध्याकाळी पोमाला घरी रांधायला कोनफळ उरलं नाही. तिने हसत हसत अन्तवीवाकडून विकत घेतलं, तेही कोंब फुटलेलं!

मित्रांनो, किरण आत घेणारी माझ्या नळीची खिडकी नाजूक आहे, ती जपा. आणि माझं एक टक् ऐकून कुणाचं दुकान बंद पाडू नका. आधी मोजा.