दोन आगींचा पंचनामा

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षीची गोष्ट. झरी जामणी तालुक्यातल्या पिंपळशेंडा गावच्या पोलीस पाटील सत्यशीलाबाई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. त्या पदावर येऊन त्यांना तिसरं वर्ष लागलं होतं.

अळी कापूस वेचून झालेल्या झाडांत, पऱ्हाटीतच दबा धरून बसते, तेव्हा शेतातली पऱ्हाटी उपटून नष्ट करा, असं कृषी खात्याची माणसं गावात येऊन सांगून गेली होती. आणि वनखात्याचं म्हणणं असं, की पंधरा फेब्रुवारीनंतर जंगलाच्या बाजूला काडीसुद्धा ओढायची नाही. दोघांचा मेळ घालायला जानेवारीत ग्रामसभा भरली. पऱ्हाटी असो की धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, पालापाचोळा, जाळायचा असेल तर आदल्या दिवशी पोलीस पाटलाला कळवायचं, ढिगाभोवती दहा फूट नांगरून घ्यायचं, पाण्याचा ड्रम आणि दोन माणसं हजर ठेवायची, सकाळी नऊच्या आत सगळं विझवायचं. पंधरा तारखेनंतर जंगल आणि पडीत यांना लागून असलेल्या शेतांत पूर्ण बंदी. ठराव सत्यशीलाबाईंनीच वाचून दाखवला होता.

सतरा तारखेला तांड्यावरचा देवसिंग त्यांच्या दारात आला. साठीचा, वाळक्या अंगाचा माणूस. त्याचा एक बैल महिनाभर लंगडत होता, म्हणून पऱ्हाटी वेळेत निघाली नव्हती. आता निघाली होती, पण त्याचं शेत जंगलाला चिकटून. दोन दिवसांनी काय बिघडते, असं त्यानं विचारलं. सत्यशीलाबाईंनी नाही म्हटलं. ट्रॅक्टर मिळवून देते, पऱ्हाटी गावाजवळच्या नांगरलेल्या वावरात आणू आणि तिथं जाळू, असं त्या म्हणाल्या. पण ट्रॅक्टरवाला मुकुटबनला कामावर होता, आठवडाभर येणार नव्हता.

देवसिंग जायला वळला. मग म्हणाला, "पाटीलबाई, नियम तांड्यासाठीच हाय का गावासाठीबी हाय?"

"सगळ्यायसाठी हाय, देवसिंगभाऊ."

तो गेला. संध्याकाळी सत्यशीलाबाईंनी हे घरात सांगितलं, तेव्हा त्यांचे यजमान बळीराम नुसते हुं म्हणाले. धाकटा दीर प्रफुल्ल जेवता जेवता हसला.

बावीस तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमाराला त्या ग्रामपंचायतीतून घरी येत होत्या, तेव्हा पूर्वेला धूर दिसला. पहिला विचार देवसिंगचाच आला. पण त्याचं शेत तांड्याच्या पलीकडे होतं आणि धूर अलीकडे. त्या जरा पुढं गेल्या. धूर प्रफुल्लच्या शेतावरून उठत होता.

साडीचा ओचा खोचून त्या पळत निघाल्या. शेताच्या धुऱ्यावर जळलेल्या काडीकचऱ्याचा काळा गोल होता, बाजूला कचरा ओढायचं दाताळं पडलं होतं. भोवती नांगरट नव्हती, ड्रम नव्हता. धुऱ्यापलीकडे गावाचं पडीत, अर्ध्या कोसाचं, कमरेएवढं कुसळी गवत. त्या गवतात जाळ शिरला होता. प्रफुल्ल हातातल्या फांदीनं जमीन बडवत होता. चेहरा काळा पडला होता, भुवया होरपळल्या होत्या.

"वहिनी, वारा फिरला," तो म्हणाला. "एवढासा ढीग होता."

त्यांनी धूर कुठं वाकतो ते पाहिलं. वारा पश्चिमेचा होता. पडीताच्या त्या टोकाला पांदण, म्हणजे गाडीवाट, आणि पांदणीला लागूनच तांडा. तांड्याच्या प्रत्येक घरामागं सरपणाला रचलेली पऱ्हाटी आणि जनावरांसाठी कुटाराचे ढीग. एक ठिणगी पडली तरी चाळीस घरं पेटली असती. बंबासाठी फोन करायला त्यांनी प्रफुल्लला पाण्याच्या टाकीवर पाठवलं. गावात फोनला तिथंच रेंज मिळत असे. बंब वणीहून यायला दीड तास तरी लागणार होता. त्या स्वतः आगीच्या कडेकडेनं तांड्याकडे धावल्या.

तांड्यावर माणसं आधीच बाहेर आली होती. बायका हंडे-गुंड घेऊन, पुरुष ओले पोते आणि हिरवे डहाळे घेऊन पांदणीवर उभे होते. म्हातारी सुखीबाई पहिल्याच घरात राहायची. तिला खाटेसकट उचलून मागं नेत होते. देवसिंग गवताकडे बघत उभा होता. तरुणपणी त्यानं वनखात्याच्या जाळरेषेवर, आग थोपवायला आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, मजुरी केली होती.

तो म्हणाला की पाण्यानं हे विझणार नाही. पांदणीच्या काठानं आपणच गवत पेटवायचं, पांदणीवर उभं राहून ते मागं येऊ द्यायचं नाही. समोरून आग येईल तोवर मधलं गवत जळून गेलेलं असलं पाहिजे. दोन्ही आगी भेटल्या की खायला काही उरत नाही. मग त्यानं सत्यशीलाबाईंकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणसाल तर लावतो. नाई तर नाई. मागून कोणी म्हणाले नको, की तांड्यावाल्यानं जाळलं."

आग अजून तीनशे पावलांवर असेल. गवत तडतडत होतं. सत्यशीलाबाईंना ठरावाचा प्रत्येक शब्द पाठ होता.

"लावा," त्या म्हणाल्या. "मी सांगतलं म्हणून लावा."

देवसिंगनं खिशातून काडेपेटी काढली, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं की बिजलीबाई बकऱ्या घेऊन पडीतात गेली आहे. बिजलीबाई म्हणजे देवसिंगची बायको.

तो तसाच उभा राहिला. हातातली काडी ओढलेली नव्हती. उत्तरेकडं गवतात एक कोरडा नाला होता, बकऱ्या तिकडंच चरायच्या. पांदणीवरून जाळ लावला तर नाल्यातून येणारं माणूस दोन आगींच्या मधे सापडणार होतं. बायका तिचं नाव घेऊन हाका मारायला लागल्या. धुरात काही दिसत नव्हतं.

देवसिंगनं काडी पेटीला टेकवली. "लावतो. चाळीस घरं हायेत."

"थांबा," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि त्याचं मनगट धरलं.

समोर एक बिनपानाचा पळस होता, फुलांनी भरलेला. आग त्या पळसापर्यंत येईस्तोवर थांबायचं, त्याच्या पुढं नाही, असं त्या म्हणाल्या. हे बरोबर की चूक, त्यांना ठाऊक नव्हतं. उशीर केला तर मधलं गवत जळायला जागाच उरणार नाही, हे देवसिंगला कळत होतं आणि त्यांनाही. दोन माणसं नाल्याच्या तोंडाकडे पळाली. गरम वारा तोंडावर येऊ लागला. पळसाच्या बुंध्याशी गवत वाकलं, पेटलं, आणि खालच्या फांदीची फुलं काळी होऊन गळाली.

सत्यशीलाबाईंनी मनगट सोडलं.

देवसिंगनं काडी ओढली. ती विझली. त्यानं दुसरी काढली, आणि त्याच वेळी नाल्याच्या तोंडातून बकऱ्या उधळत बाहेर आल्या. त्यांच्यामागं त्या दोघांनी धरून आणलेली बिजलीबाई. ओढणीचं टोक जळालेलं, एक पाय अनवाणी, खोकून खोकून बोलता येत नव्हतं. देवसिंगनं तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि वाकून गवताला काडी लावली.

पुढची वीस मिनिटं कोणाला नीट सांगता येत नाहीत. पांदणीच्या काठानं देवसिंग पेटता पेंढा ओढत पळत होता. मागून माणसं उडालेल्या ठिणग्या पोत्यानं बडवत होती. दोन्ही जाळ एकमेकांकडे ओढले गेले, एकदम उंच उठले, आणि खाली बसले. पण थांबलेल्या वेळेची किंमत द्यावी लागलीच. एक जळता पुंजका पांदणीवरून उडाला आणि सुखीबाईच्या गोठ्यावर पडला. तुराट्यांचं छप्पर, बघता बघता गेलं. आतलं वासरू सोडवता आलं नाही.

बंब आला तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं. दुपारी वनपाल आणि वनरक्षक आले. जंगलाची कडा वाचली होती, पण पडीत काळं पडलं होतं आणि पांदणीच्या काठानं लावलेल्या आगीची खूण स्पष्ट दिसत होती. देवसिंगच्या खिशात काडेपेटी होती. तो परवानगी मागायला आला होता हे वनरक्षकाला माहीत होतं, कारण देवसिंगला सूट देता येते का, हे सत्यशीलाबाईंनीच नंतर वनरक्षकाला विचारून पाहिलं होतं. वनरक्षकानं देवसिंगला जीपजवळ बसवलं. तांड्यावरची माणसं जीपभोवती जमली.

प्रफुल्ल गावच्या लोकांत उभा होता. तो हळूच वहिनीजवळ आला. "काही बोलू नको. आग तिकडून आली का इकडून, कोणं पाह्यलं?" तो म्हणाला. बळीराम थोडे मागं उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली.

सत्यशीलाबाईंनी या पोराला बारावीपर्यंत डबा करून दिला होता. त्याच्या लग्नात प्रियंकाला मेंदी त्यांनी लावली होती. त्या वनपालाच्या टेबलाशी गेल्या. टेबल म्हणजे जीपचं बॉनेट.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पयली आग प्रफुल्लच्या धुऱ्यावरून लागली. तो माह्या सख्खा दीर हाय. दुसरी देवसिंगभाऊनं लावली, ती माह्या सांगण्यावरून. उशीर झाला तोबी माह्या सांगण्यावरून."

वनपालानं विचारलं, दुसऱ्या आगीचं तुम्ही स्वतःवर घेताय, हे समजतंय ना. समजते, असं म्हणून त्यांनी सही केली. प्रफुल्लवर गुन्हा दाखल झाला. सत्यशीलाबाईंना तहसीलमधून खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी दोन पानी उत्तर पाठवलं, पुढं त्यावर काही आलं नाही. देवसिंगची पऱ्हाटी महिनाअखेरीस ट्रॅक्टरनं गावाकडे आणून जाळली.

घरात मात्र प्रफुल्लनं अबोला धरला. प्रियंकानं चूल वेगळी मांडली. बळीराम बोलत होते, पण गरजेपुरतं. सुखीबाईच्या वासराचं नाव निघालं की सत्यशीलाबाई उठून अंगणात जात. त्या दिवशी आधी काडी लावली असती तर वासरू वाचलं असतं, आणि बिजलीबाई कदाचित नसती, एवढंच त्या स्वतःला सांगत. त्यानं समाधान होत नसे.

आगीनंतर आठ दिवसांनी नुकसानीची नोंद घ्यायला त्या तांड्यावर गेल्या. सुखीबाईच्या जळक्या गोठ्यापुढं बैलगाडी उभी होती, गाडीत नवे बांबू. प्रफुल्ल उघड्या अंगानं खड्डा खणत होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. देवसिंग मेढी कुठं रोवायच्या ते काठीनं दाखवत होता. बिजलीबाई पाणी घेऊन आली, तिनं तांब्या प्रफुल्लच्या हातात न देता जवळ ठेवला. त्यानं तो उचलून तोंडाला लावला.

सत्यशीलाबाईंनी वही उघडली, तेव्हा त्यानं आडवा बांबू खांद्यावर घेतला होता. दुसरं टोक जमिनीला घासत होतं. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाला नाही.

"धरा," एवढंच म्हणाला.

त्यांनी वही सुखीबाईच्या खाटेवर ठेवली आणि बांबूचं टोक उचललं.