पाच कातडी, एक कॅसेट

घुमट आहे मी, आणि आज मला गप्प बसवत नाही. देवळाच्या डोक्यावर असतं ते घुमट नव्हे. ते नुसतं बसून खातं. मी गळ्यात अडकवून वाजवायचं घुमट. मातीचं मडकं, दोन्हीकडून उघडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणतात, त्यावर उजवा हात पडतो. मागच्या लहान तोंडावर डावा हात उघडझाप करतो. एवढ्या भांडवलावर गोव्यात गणपतीची आरती दणाणते. शाळा मी शिकलो नाही. अलीकडे कॉलेजात राहून आलो, तरी अक्षर ओळखत नाही. तेव्हा सरळच सांगतो.

डिचोलीच्या कुंभाराने मला घडवलं. चाकावरून उतरल्यावर त्याच्या बायकोने लाकडी थापटण्याने मला असं बडवलं, की मार खायची सवय तिथेच लागली. बाजाराच्या दिवशी इब्रामपूरचा विठू आला. तेव्हा तो तरणा होता. प्रत्येक मडक्यावर बोटाने टकटक करायचा आणि नाव ठेवून पुढे. "ह्यां तडाकलां. ह्यां बहिरां. ह्येच्यात लोणचां घाला." माझ्यावर टकटक केली, परत एकदा केली, आणि मला काखेत मारून चालू लागला.

ऐन उमेदीत माझ्यावर घोरपडीचं कातडं होतं. तेव्हा सगळेच तसं लावत. माझ्यापायी मुकं जनावर मेलं हे मला कुठे आवडलं होतं? पण मडक्याला विचारतो कोण! पुढे कायदा आला, घोरपड मारायची नाही. बरं झालं. फक्त माझं कातडं एका चतुर्थीला भर आरतीत फाटलं आणि विठूने मला माळ्यावर टाकलं ते टाकलंच. "शेळयेचां कातडां? ता घुमट न्हय, टिमकी," म्हणाला. वाजवण्यात त्याचा शब्द शेवटचा, म्हणून गावच्या बाकीच्यांनीही आपापली घुमटं उलटी घातली.

माळ्यावर माझ्या शेजारी माटोळीची लाकडी चौकट असायची, गणपतीच्या वर फळं आणि रानफुलं बांधतात ती. दर चतुर्थीला तिला खाली न्यायचे. मला नाही. खाली आरती लागायची मोबाईलवर, डबीएवढ्या स्पीकरातून. मधेच कोणाचा फोन आला की आरती बंद! "रव गो, मुंबयसून फोन इलो," म्हणून देवालाच थांबवायचे, निर्लज्ज.

विठूकडे मात्र एक जुनी कॅसेट होती. त्यात घुमटावर तो आणि मी, आणि पेटी वाजवत गाणारा त्याचा दोस्त कृष्णनाथ. कृष्णनाथ केव्हाच वारला. विठू संध्याकाळी आपल्या जुनाट टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट लावायचा, डोळे मिटून ऐकायचा. मी वरून म्हणायचो, अरे, हा मी नव्हे! हा कोण कण्हतोय? पण कातडं फाटलेल्या मडक्याचं ऐकतो कोण?

विठूची सून हर्षा कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. तिच्याबरोबर सर्वण गावची गौरवी, पदार्थविज्ञानाची, आणि इंजिनीअरिंग कॉलेजातला रुद्रेश. तिघांनी मिळून संशोधन काढलं: शेळीच्या कातड्यातून घुमटाचा जुना आवाज काढायचा. हर्षाने मला माळ्यावरून उतरवलं तेव्हा विठू म्हणाला, "काय व्हया ता करा. पण जुनो आवाज इल्याशिवाय मी हात लावचंय नाय."

गावची माणसंही तेच म्हणाली. विठू होय म्हणाला तर आम्हीही शेळीचं कातडं चढवू, नाहीतर स्पीकर आहेच. आणि प्राचार्य म्हणाले, प्रयोग फसला तर घुमट काचेच्या कपाटात ठेवू, खाली माहिती लिहून. ऐकून माझी माती थिजली. कपाटात! ज्याने जन्मभर थपडा खाल्ल्या त्याला काचेतून बघणार, आणि वर पाटी: हात लावू नये!

कॉलेजात त्यांनी माझे फार हाल केले आणि मला फार मजा आली. रुद्रेशने मला वजनकाट्यावर बसवलं, जाडी मोजली, आणि थापेसाठी यंत्राचा एक बारकुळा हातोडा आणला. हर्षा गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारत हिंडली, "घुमट ऐकून तुम्हांला काय वाटतं?" त्यांनी तिला काजूचा दर सांगितला. गौरवीने मला थेट वर्गात नेलं. मागच्या तोंडावर हात ठेवला, काढला, ठेवला. "ऐकलंत? कातडं तेच, थाप तीच, तरी सूर खाली गेला. आतली हवा बदलली म्हणून." पोरं बाकांवरून उठून माझ्यात डोकावायला लागली. एक पोरगी किंचाळली, "मॅडम, हवा पण वाजते?" माझ्या पोटातल्या हवेकडे जन्मात कोणी लक्ष दिलं नव्हतं. मी असा फुगलो!

मग कातडी आली. एक जाड, एक पातळ, एक खरवडलेलं, पाच प्रकार. प्रत्येक माझ्यावर चढवायचं, दोरीने आवळायचं, वाजवायचं, आणि कॅसेटमधल्या आवाजाशी पडद्यावर ताडून बघायचं. विठू कॅसेट घराबाहेर काढू देईना, म्हणून रुद्रेशने त्याच्याच टेपरेकॉर्डरवरून ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती.

आणि जुळेना! कातडं ताणून बसवलं की मी खणखणीत बोलायचो, पण सूर कॅसेटपेक्षा वर. सूर जुळवायला दोरी सैल केली की माझ्या तोंडून ढेकर निघायचे. विठूला बोलावलं. ताणलेलं ऐकून म्हणाला, "टिमकी." सैल ऐकून म्हणाला, "जवळ इलो. पण मेललो." आणि कॉलेजचा चहा पिऊन, त्यालाही नाव ठेवून, घरी गेला.

पाचही कातड्यांची तीच गत झाली. रुद्रेश म्हणाला, "शेळीच्या कातड्यात तो आवाज नाहीच. तसंच लिहून टाकू." गौरवी म्हणाली, "एकदा देवळात वाजवून बघू. कॅसेट तिथेच भरली होती ना? जागेचाही फरक पडतो." मला ठाऊक होतं, हे शेवटचं. ह्यानंतर काच.

रविवारी सगळे इब्रामपूरच्या देवळात जमले. गावची वाजवणारी माणसं भिंतीला टेकून बसली. विठूला खुर्ची दिली तर, "कदेल नको, मी काय न्हवरो?" म्हणून खाली बसला. मला पाचव्या कातड्यानिशी उन्हात तापवून आणलं. गौरवीने कॉम्प्युटरवर कॅसेटची आरती लावली, आणि हर्षा देवळाच्या पेटीवर साथ करायला बसली.

ती जरा वाजवायची आणि थांबायची. परत वाजवायची, परत थांबायची.

"काय गो, विसारलंस?" विठू करवादला.

"विसरले नाही, बाबा. टेपमधली पेटी आपल्या पेटीत बसतच नाही. काळी एक धरली तर आपली खाली राहते, पांढरी दोन धरली तर वर जाते. टेपमधली दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडते."

"पेटी तीच ती. कृष्णनाथाची. दुसरी पेटी ह्या देवळात इली खंय?"

गौरवीने झटकन मान वर केली. "आजोबा, हीच पेटी? नक्की?"

"मी काय खोटां बोलतंय?"

"आणि ते गायचे कुठल्या पट्टीत?"

"काळी दोन. तेका दुसरी पट्टी धरूकच येय नाय."

ती उभीच राहिली. ओढणी अडकून पाण्याचा तांब्या कलंडला, तिला पत्ता नाही. "रुद्रेश! पेटी तीच, पट्टी काळी दोन, आणि टेपमध्ये ती खाली घसरलीय. पेटी घसरत नाही. टेप हळू फिरतेय! आपण इतके दिवस चुकीच्या आवाजाशी जुळवत होतो!"

रुद्रेशने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "ह्यांचा टेपरेकॉर्डर! त्याचा पट्टा सैल झाला असणार. आणि मी त्याच्यावरूनच उतरवून घेतलं."

"माझ्या टेपाक काय जालां नाय," विठू ओरडला. "मी रोज आयकतंय!"

"म्हणूनच, आजोबा. रोज एवढं एवढं हळू झालं, तुम्हांला कळणार कसं?"

मी तर दोरीसकट थरथरत होतो. हेच! हेच तर मी माळ्यावरून ओरडून सांगत होतो!

गौरवीने कॉम्प्युटरवर आरतीचा वेग थोडा थोडा वाढवला. हर्षाने काळी दोन दाबून धरली. टेपमधली पेटी वर चढत चढत आली आणि तिच्यात अशी मिसळली, की दोन पेट्यांची एक पेटी झाली. "बस्स!" हर्षा म्हणाली. गौरवीने आरती पहिल्यापासून लावली.

काय सांगू! ती आरती पळत सुटली. आणि तिच्यावर एक बारीक, चिरका, आनंदाने फाटलेला आवाज.

विठूचं तोंड उघडंच राहिलं. "ह्यो... ह्यो किस्ना! ह्यो आमचो किस्ना! पिपाणी म्हणूंव आमी तेका. आणि टेपात तो असो जाडो कधी जालो रे? माका कसां कळाक नाय?" त्याने पंच्याने डोळे पुसले आणि त्याच पंच्यात हसायला लागला. "आणि आमी एवढे धावत होतंव? बापरे! मी समाजतंय, आमी देवासारके सावकाश वाजवूंव."

मग त्याने हात पुढे केला. कोणाकडे बघितलं नाही. मला गळ्यात घातलं आणि टेपमधल्या स्वतःच्या मागे सुटला.

शेळीचं ताणलेलं कातडं, पण आवाज माझा! मागच्या तोंडावर त्याचा डावा तळवा पडला आणि पोटातली सगळी हवा गरजली. कॅसेटमधला मी आणि देवळातला मी, एका सुरात! भिंतीला टेकलेली माणसं सावरून बसली. एकाने मांडीवरच ताल धरला. रुद्रेश पडद्यावरच्या रेघा बघायचं सोडून टाळ्या पिटत होता.

दोन कडवी विठू धावला. तिसऱ्याला दम लागला. टेपमधला विठू पुढे निघून गेला, बाहेरचा थांबला. मला वाटलं, आता रागावणार. पण तो घाम पुसत आणि हसत बसला होता, जाणाऱ्याकडे बघावं तसा.

"हां, असो वाजता," तो रुद्रेशला म्हणाला. "लिव. आणि कपाटात ठेवचां असात तर तुजो तो हातोडो ठेव." मग भिंतीकडे वळून, "तुमी काय बघतास? शेळयेचां कातडां खंय गावता ता विचारा. चवथ इली."

एवढं बोलून त्याने मला गळ्यातून काढलं आणि गौरवीच्या गळ्यात घातलं.

"मी, आजोबा? मला वाजवता येत नाही."

"एवढे दीस मोजलंस, आता मार."

तेव्हापासून मी विठूच्या ओसरीवर असतो. दर रविवारी गौरवी स्कूटरवरून येते, तिच्या वर्गातल्या दोघीतिघी येतात, हर्षा पेटी लावते. पावसाळी हवेत माझं कातडं मऊ पडतं, मग मला चुलीजवळ धरतात, पाठ चटकते. तक्रार नाही. हेही कातडं कधीतरी फाटेल. फाटू दे. दुसरं चढवा, पण वर टाकू नका. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला पुसत बसू नका, फुलं वाहू नका. उन्हात धरा, गळ्यात घाला आणि मारा.

आता पुरे. तुमच्याशी बोलत बसलो आणि ह्या गौरवीबाईने परत ताल चुकवला. विठू शिव्या देतोय. देऊ दे, तिचा डावा हात बसत चाललाय.