साडेतीस की सदतीस

आमच्या दुकानात बायकांची मापं मी पडद्याआड घेते आणि आकडे मोठ्याने सांगते. बाहेर बसून हे ते कापडावर खडूने लिहितात. हे म्हणजे माझे यजमान, हाडाचे शिंपी. हात कामात, म्हणून टाचण्या दिवसभर दातांत धरलेल्या. त्यामुळे माझ्या कुठल्याही बोलण्यावर त्यांचं उत्तर एकच, "हं."

तर शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंच्या कोटासाठी मी सांगितलं, "कंबर साडेतीस." यांनी लिहिलं सदतीस. कोट घालून बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला एवढी दिसते?" मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

त्या गेल्यावर मी यांना फैलावर घेतलं. माझ्या बोलण्याकडे कायम कानाडोळा करता, असंही सुनावलं. यांनी एकेक टाचणी तोंडातून काढून ठेवली.

"अगं, मला नीट ऐकूच येत नाही. उजव्या कानाला दडा बसलाय. आत सारखी शिट्टी वाजते." मग खाली बघत म्हणाले, "बहिऱ्या शिंप्याकडे कोण येणार? दुकान शेजारच्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकू."

माझा राग कुठल्या कुठे गेला. ते दुकान यांचं असेल, पण निम्मी जीभ माझी झिजली होती तिथे.

दुसऱ्या दिवशी दाताचे डॉक्टर पँटची ट्रायल घ्यायला आले. हे त्यांच्या पायाशी बसून टाचण्या लावत होते.

"वहिनी, हा कट्‌कट्‌ आवाज कसला?"

"मशीन जुनं झालंय हो."

"मशीन तर बंद आहे."

डॉक्टर अर्धवट टाचलेल्या पँटीत खाली बसले, कळवळून थोडे वर उठले आणि यांच्या कानांपुढे बोटं ठेवून म्हणाले, "मास्तर, तोंड उघडा. आता मिटा." उरलेल्या टाचण्या त्यांच्याच मांडीवर सांडल्या. आवाज यांच्या जबड्यातून येत होता.

"जबड्याचा सांधा कानाला अगदी खेटून असतो," डॉक्टर म्हणाले. "दिवसभर दात आवळून धरलेत, तर तो दुखावतो आणि माणसाला वाटतं, कानच बिघडला. कान तपासून घ्या, पण आधी ह्या टाचण्या तोंडातून हद्दपार करा."

कानाच्या डॉक्टरांनी कानात काही दोष नसल्याचं सांगितलं. मग गरम शेक, मऊ जेवण, रात्री दातांवर घालायचं टोपण असं सगळं सुरू झालं. टाचण्यांसाठी मी यांच्या मनगटावर बांधायची छोटी गादी शिवली. तोंड मोकळं झालं आणि "हं"च्या जागी "का?" आणि "कशाला?" सुरू झालं. शिट्टी हळूहळू कमी होत गेली, पण दुकानाचा विषय काढला की हे म्हणायचे, "बघू."

अशातच बाई पुन्हा आल्या, नवीन माप द्यायला. मला हायसं वाटलं आणि धडकीही भरली. मी पडद्याआड त्यांच्या कमरेभोवती टेप गुंडाळली, पण आकडा सांगायचा धीरच होईना. मी बाईंच्या कानाशी कुजबुजले, "हे दुकान बंद करायचं म्हणतात. हा माणूस दिवसभर घरात समोर बसला, तर मला वेड लागेल हो."

बाहेरून आवाज आला, "मलाही. साडेतीसच ना?"

मला इतका आनंद झाला की हो म्हणायचं राहूनच गेलं. बाईंनीच ओरडून सांगितलं, "साडेतीस! आणि या वेळी नीट लिहा."