नकाशाची घडी

मास्तरांचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. दुपारी बारा वाजता गाडीचं दार अडकलं आणि त्यांचा उरलासुरला धीरही सुटला. कुणा शहाण्याने बंद होणाऱ्या दारात बॅग घातली होती. झाली नऊ मिनिटांची माती! मास्तर डब्यातूनच ओरडले, "ओढा की ती बॅग! मुहूर्त बघताय का?" बॅगवाल्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. शहरातल्या मेट्रोची एकशे बारा स्टेशनं एका दिवसात पालथी घालायचा विक्रम त्यांच्या मेहुण्याच्या नावावर होता. तेरा तास सत्तेचाळीस मिनिटं. मेहुणा पोटासाठी विमा विकायचा आणि उरलेल्या वेळात विक्रम मिरवायचा. घरात चार माणसं जमली की सगळ्यांदेखत म्हणायचा, "भाऊजी, तुम्ही आपली काजं-बटणं करा. वेळेचं काम आमच्यावर सोडा." मास्तरांचे तीन प्रयत्न फसले होते. आजचा चौथा, आणि शेवटचा. सोमवारी नवी लाईन सुरू झाली की स्टेशनं वाढणार, आणि जुना विक्रम कायमचा मेहुण्याच्या पदरात पडणार. तो जन्मभर ऐकून घेण्यापेक्षा दुकान बंद करून गाव सोडलेलं बरं, असं मास्तरांना मनापासून वाटे.

नियम साधा होता. प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबली पाहिजे, दार उघडलं पाहिजे आणि साक्षीदाराने वहीत वेळ लिहिली पाहिजे. साक्षीदार होती बायको, पहाटे पाच दहाच्या पहिल्या गाडीपासून. पण मास्तरांचा वहीवर भरवसा नव्हता. ते नकाशाची घडी हातात धरून, झालेल्या प्रत्येक स्टेशनावर टाचणी टोचत होते.

दार सुटेपर्यंत वेळापत्रकाचा कागद निकामी झाला होता. आता पुढचा मार्ग नकाशा बघूनच ठरवायचा. जंक्शनवर उतरून मास्तरांनी नकाशा उलगडून उजेडाकडे धरला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, 'पाण्याची टाकी' झालंय! चल, एक हेलपाटा वाचला."

"कधी झालं?" बायकोने वही चाळली. "वहीत नाहीये."

"हे बघ ना, भोक आहे!"

"एकच स्टेशन तर आहे इथून. जाऊन येऊ, अहो. जिवाला घोर नको."

"सकाळच्या घाईत लिहायचं राहिलं असेल तुझं! आणि आता मलाच शिकवतेस? भावाचीच बहीण ना तू, मी जिंकलेलं कसं बघवेल!"

मास्तर चांगली दोन-तीन मिनिटं बोलत राहिले. फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. बायकोने वहीत एक ओळ कोरी सोडली आणि ती चालू लागली.

दुपार तशीच चिडचिडीत गेली. एका ठिकाणी सरकता जिना बंद, दुसरीकडे डोळ्यांदेखत गाडी सुटलेली. तरीही शेवटच्या स्टेशनावर दार उघडलं तेव्हा सहा बेचाळीस झाले होते. सहा सत्तावन्नच्या आत काम फत्ते! मास्तरांनी तिथल्या तिथे मेहुण्याचा नंबर लावला.

"फोन ठेवा आधी," बायको म्हणाली. "मी तीनदा मोजलं. एकशे अकरा आहेत."

मास्तरांनी फोन कापला, बाकावर नकाशा पसरला आणि स्टेशनांवरची भोकं मोजली. एकशे बारा. मग त्यांनी नकाशाला सकाळसारखी घडी घातली आणि ते बाकावर टेकले. 'बाजार' स्टेशनाच्या बरोबर खाली 'पाण्याची टाकी' येत होतं. सकाळी एकच टाचणी दोन्ही पदरांतून आरपार गेली होती. उभं आयुष्य त्यांनी कापड दुपदरी घालूनच कापलं होतं. एकदा कात्री चालवली की दोन बाह्या निघतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"लिहून टाक," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "सकाळची कुठलीही वेळ टाक. कोण बघतंय?"

"लिहीन. पण तिथे दार उघडल्यावर. उठा, सरळ गाडी आहे."

मोजामोजीत सहा सेहेचाळीस झाले होते. गाडी यायला चार मिनिटं, पोहोचायला नऊ. हिशेब मास्तरांना केव्हाच कळला होता. तरी ते उठले, कारण ती पुढे निघालीसुद्धा होती. वाटेत त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आला तो रागच. बॅगवाल्याचा, जिन्याचा, मेहुण्याचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. खिशातला फोन सारखा वाजत होता.

'पाण्याची टाकी'ला दार उघडलं. बायकोने दुपारची कोरी ओळ शोधली.

"सहा एकोणसाठ," ती म्हणाली आणि तिने लिहिलं.

दोन मिनिटं उशीर. जंक्शनवर तिच्यावर ओरडण्यात तेवढी सहज गेली होती. मास्तरांनी सवयीने कॉलरची टाचणी काढली आणि नकाशा उघडला. पण तिथे टोचायचं काय, भोक सकाळीच पडलेलं होतं.